मोगलाईच्या शिवेवर

सोलापूरच्या स्टँडवरून उमरग्याची गाडी सुटली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ अजून उतरत होते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. बोरामणी मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी वाकलेलं दिसू लागलं, मधून मधून तुरीचे गर्द पट्टे. मी नळदुर्गाला चालले होते. आजी असती तर म्हणाली असती, "मोगलाईत चाललीस व्हय?"

आजीचं माहेर नळदुर्गाजवळच्या एका लहानशा गावातलं. 1946 साली, चौदाव्या वर्षी, ती सोलापुरात नांदायला आली. तेव्हा सोलापूर इंग्रजांकडे आणि नळदुर्ग निजामाकडे. मोगल जाऊन दीडशे-दोनशे वर्षं झाली तरी आमच्याकडे निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणत. निजामही गेला, तरी शब्द राहिला. "आमच्या मोगलाईत ज्वारी गोड असती" असं ती 1990 सालीही म्हणायची.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती माहेरी निघाली. सासूने गिरणीचं नवंकोरं लुगडं घेतलं होतं, ते गाठोड्यात बांधायला मात्र तयार होईना. वाटेत करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. नाक्यावरचा शिपाई गाठोडी सोडायला लावी आणि नव्या कापडावर जकात घेई. अंगावरच्या कापडाला जकात नव्हती. म्हणून आजीने जुन्या लुगड्यावर नवं लुगडं नेसलं आणि श्रावणातल्या दमट उन्हात, बैलगाडीत, दोन लुगड्यांत घामाघूम होऊन सरहद्द ओलांडली. पाटलोणीतला शिपाई तिच्याकडे बघत राहिला आणि ती बैलांच्या शेपटांकडे. नाका मागे पडल्यावर एका बाभळीच्या आडोशाला गाडी थांबवून तिने वरचं लुगडं सोडलं. तिथवर पोचली की गोष्ट सांगताना ती दर वेळी एक मोठा श्वास घ्यायची.

ती बाभळ कुठे असेल, म्हणून मी खिडकीतून बघत होते. तांदुळवाडी गेली, पुढे इटकळ आलं. मध्ये कुठेतरी सोलापूर जिल्ह्याची हद्द संपल्याची पाटी आणि धाराशिव जिल्हा सुरू झाल्याची पाटी. दोन्ही पाट्यांच्या मधे जमीन तीच. ओढा नाही, डोंगर नाही, मातीचा रंगसुद्धा बदलत नाही. हिमालयातली सरहद्द डोंगराच्या धारेवरून जाते, राजस्थानात वाळवंट असतं. इथे सोयाबीनच्या एका सरीत एक जिल्हा संपतो आणि दुसऱ्या सरीत दुसरा सुरू होतो. ही रेघ इथेच का पडली, एवढं एक मला समजून घ्यायचं होतं.

*

नळदुर्गाचा किल्ला गावाला अगदी चिकटून आहे. हुरमुख दरवाजातून आत गेलं की वाट वळत वळत जाते आणि प्रत्येक वळणावर एक बुरूज तुमच्याकडे बघत असतो. तट काळ्या दगडाचा. पूर्वी इथे कल्याणीच्या चालुक्यांची गढी होती असं सांगतात. मग बहमनी आले, आणि बहमनी राज्य फुटल्यावर नळदुर्ग विजापूरच्या आदिलशहांच्या वाट्याला आला. आजचा दगडी तट पहिल्या अली आदिलशहाच्या वेळचा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. नवबुरुजाला नऊ पाकळ्या आहेत. खाली उभं राहून वर पाहिलं तर एखाद्या प्रचंड कमळाच्या बुडाशी उभं असल्यासारखं वाटतं. उपळी बुरूज एकटाच, उंच, किल्ल्याच्या पोटात उभा आहे. मी त्यावर चढले. वर वारा इतका, की पदर दोन्ही हातांनी धरावा लागला.

तिथून जे दिसतं त्यात माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. चहूकडे सपाट माळ आणि शेतं, कितीही लांब पाहा. पश्चिमेला सोलापूरची वाट, उत्तरेला तुळजापूर, त्यापलीकडे परंड्याची बाजू. शत्रू कुठूनही येऊ शकतो आणि त्याला अडवायला निसर्गाने काहीही दिलेलं नाही. अशा मुलखात राजाला सरहद्दीवर पहारा ठेवता येत नाही. किल्ला ठेवता येतो. किल्ल्यातून घोडा दिवसभरात जिथवर जाऊन येईल तिथवर त्याची सत्ता, त्यापुढे ती पातळ होत जाते आणि दुसऱ्याच्या किल्ल्याची सुरू होते.

सोलापूर, परंडा आणि नळदुर्ग या किल्ल्यांसाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही सारखी भांडत राहिली. (ही निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निजाम वेगळा. आजीच्या बोलण्यात दोन्ही एकच होते, पण मध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे.) भांडण रेघेचं नव्हतंच. भांडण होतं सोलापूर आणि त्याखालच्या साडेपाच परगण्यांचं. 1524 साली बुऱ्हाण निजामशहाचं लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झालं. सोलापूर आंदण मिळेल अशी निजामशहाची समजूत होती. किल्ला मिळाला नाही आणि त्यावरून पुढची चाळीस वर्षं लढायांत गेली. शेवटी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा तोच सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून उलट दिशेने विजापूरकडे आला. त्या सोयरिकीनंतर दोघांनी इतर सुलतानांबरोबर मिळून 1565 साली विजयनगरचा पाडाव केला.

चांदबीबीचा विचार या बुरुजावर सुटत नाही. 1580 साली अली मारला गेला, नऊ वर्षांचा पुतण्या दुसरा इब्राहीम गादीवर आला आणि कारभार चांदबीबीच्या हाती आला. ही संधी साधून अहमदनगर आणि गोवळकोंडा, दोघांच्या फौजांनी मिळून नळदुर्गाला वेढा दिला. म्हणजे तटाबाहेर तिचं माहेर आणि तटाच्या आत तिचं सासर. नळदुर्ग पडला नाही. पुढे 1595-96 मध्ये तीच चांदबीबी अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी लढली. एका बाईच्या आयुष्यात सरहद्दीच्या दोन्ही बाजू राखायची वेळ आली. आजीला हे ऐकायला आवडलं असतं.

*

पाणीमहालाकडे मी दुपारी उतरले. बोरी नदीवर किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये दगडी बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने तो 1613 मध्ये बांधून घेतला. मीर इमादीन हे बांधणाऱ्याचं नाव. अरुंद जिन्याने खाली जावं लागतं. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या, एका हाताने भिंत धरून उतरावं लागतं. खाली सज्जात आलं की आवाज आधी अंगावर येतो. वरून बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असतं आणि आपण त्या पाण्याच्या मागे, कोरड्या दगडावर उभे असतो. नर आणि मादी, असे दोन धबधबे. त्या दिवशी दोन्ही वाहत होते. मी कमानीला हात लावला. दगड थरथरत होता, अगदी बारीक, चालत्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर थरथरतो तसा. चारशे वर्षं ते पाणी त्याच्या डोक्यावरून जातं आहे आणि आतली खोली कोरडी आहे.

किल्ल्याला सदा पाणी पुरावं आणि खंदकाचं कामही व्हावं, म्हणून बोरी अडवून वळवली. एवढं काम साध्या भिंतीनेही झालं असतं. पण सरहद्दीवरच्या किल्ल्यात, जिथे दर वीस-पंचवीस वर्षांनी वेढा पडतो, तिथे राजाने पाण्याच्या पडद्याआड बसायची जागा केली. इब्राहीम गाण्याचा शौकीन होता, गाण्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. या जागी त्याने काय ऐकलं असेल, असा विचार करत मी बराच वेळ उभी होते. कॉलेजच्या पोरांचा एक घोळका आला आणि फोटो काढून निघून गेला. आवाजात एकमेकांशी बोलता येत नव्हतं, ते खुणांनीच हसत होते.

*

मोगलांनी 1686 मध्ये विजापूर घेतलं आणि नळदुर्ग मोगलांकडे गेला. पुढे दख्खनचा सुभेदार निजाम स्वतंत्र झाल्यासारखा वागू लागला. त्याच सुमारास, 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यानंतर या भागातली सरहद्द आणखी गुंतागुंतीची झाली. गाव निजामाचं, पण महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा मराठ्यांचा. एकाच खळ्यावर दोन अंमलदार. याला दुअंमली म्हणत. एका पाटलाला दोन सरकारांची मर्जी राखावी लागे. रयतेला त्याचा जाच होताच, पण त्या काळात "इथवर आमचं, इथून तुमचं" अशी रेघ कुठेच नव्हती. 1760 ची उदगीरची लढाई आणि 1795 ची खर्ड्याची लढाई या असल्याच मुलखात झाल्या. दर तहात किल्ले आणि परगणे इकडचे तिकडे होत, रेघ मात्र कोणीच ओढली नाही.

गावाची शीव मात्र पक्की होती. नीट पाहिलं तर हे मोठं नवल आहे. राज्याची हद्द धूसर, आणि गावाची शीव हातभर इकडेतिकडे झाली तर डोकी फुटायची. शिवेचा तंटा पंचांपुढे आला की महाराची साक्ष घेत. कारण शीव कुठून कुठे जाते, कोणत्या दगडाला वळते, हे पिढ्यानपिढ्या त्याच्या घराण्याला पायांनी ठाऊक असे. गावकुसाबाहेर ज्याला ठेवलं त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरायची. हे लिहिताना आजही घशात काहीतरी अडकतं.

राज्यांची रेघ ओढली ती कंपनी सरकारने. 1818 मध्ये सोलापूरच्याच मुलखात, आष्टीजवळ, बापू गोखले पडले. तीन महिन्यांत सोलापूरचा किल्ला गेला आणि पेशव्यांच्या मुलखाबरोबर त्यांची चौथाईही कंपनीकडे आली. कंपनीला असला एकमेकांत गुंतलेला हिशेब नको होता. 1822 च्या तहात निजामाची चौथाई माफ झाली आणि दोन्ही बाजूंनी गावांची अदलाबदल करून हद्द सलग करायचं ठरलं. तुमची आमच्यातली गावं आम्हाला, आमची तुमच्यातली तुम्हाला. तेव्हापासून या माळावर "इथून पुढे" या शब्दाला अर्थ आला. तरी ती अदलाबदल पुरी झाली नाही. बार्शीचा तालुका जवळजवळ चहूकडून निजामाच्या मुलखाने वेढलेला राहिला आणि 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे निघाली तेव्हा त्या छोट्या गाडीलाही पुढे निजामाच्या मुलखातून जावं लागलं.

रेघ पक्की झाली म्हणजे हलली नाही असं नाही. निजामाला कंपनीच्या फौजेचा खर्च देता येईना, कर्ज साठलं. म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख त्याने कंपनीकडे लावून दिला. एकाही बंदुकीचा बार न होता हद्द पूर्वेला सरकली. या मुलखाचा कारभार मेडोज टेलरकडे आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच. तो नळदुर्गात राहिला, जिल्ह्याची मोजणी त्याने हाती घेतली आणि 1857 च्या गडबडीत त्याची वऱ्हाडात बदली झाली. 1860 मध्ये कंपनीऐवजी आता इंग्रज राणीचं सरकार होतं. त्याने निष्ठेचं बक्षीस म्हणून हा मुलूख निजामाला परत दिला. हद्द पुन्हा जुन्या जागी आली. या सात वर्षांत इथल्या कुणब्याने एका जागी बसून दोन सरकारं पाहिली. जिल्ह्याचं नाव तेव्हा नळदुर्ग जिल्हा असंच होतं. कचेरी धाराशिवला गेली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

त्यानंतरची नव्वदएक वर्षं ती रेघ घट्ट होत गेली. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली. सहा कलदारांना सात हाली. पलीकडे शाळा मराठीत, अलीकडे वरच्या वर्गांना उर्दू. कचेरीतला कागद उर्दूत, टपालाची तिकिटं वेगळी, फसली सालाचे महिने वेगळे. आजीचा भाऊ मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकला आणि आयुष्यभर डायरी मराठीत पण आकडे उर्दूत लिहीत राहिला. ती डायरी माझ्याकडे आहे. दुधाच्या हिशेबाचे ते आकडे मला वाचता येत नाहीत.

*

बोरीच्या पुलावर मी संध्याकाळी गेले. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हुकमतीखाली निजामावर चालून जाणारी भारताची मुख्य फौज सोलापूरहून याच रस्त्याने निघाली. पहिली गाठ नळदुर्गालाच पडली. बोरीवरचा पूल उडवायच्या आत ताब्यात आला, शीख पलटणीने नळदुर्गाची ठाणी घेतली आणि फौज जळकोट, उमरग्यावरून पुढे गेली. 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. आदिलशहाच्या काळात महिनोन्‌महिने वेढे सोसलेला हा किल्ला त्या दिवशी काही तासांत मागे पडला.

त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. त्यांच्या धाडींना भिऊन गावंच्या गावं हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली. स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी हद्दीवर कँप उघडले आणि ज्या नाक्यांवर लोकांची गाठोडी सोडली जात होती ते करोडगिरीचे नाके जाळले. आजीचे आईवडील आणि भाऊ आठ महिने सोलापुरात आमच्याच घरात होते. एका रात्री रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या जायला लागल्या त्या सकाळपर्यंत संपेचनात, असं ती सांगायची. सगळे ओट्यावर बसून मोजत होते, मग मोजणं सोडून दिलं.

आणि नंतरचंही सांगायला हवं. फौज पुढे गेल्यावर गावोगाव मुसलमानांच्या घरांवर सूड निघाला. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाली असं नोंदवलं त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. आजीच्या माहेरच्या आळीत एक मोमिनांचं घर होतं. तिच्या बालमैत्रिणीचं. त्याबद्दल ती एकच वाक्य बोलायची: "परत गेलो तवा त्या घराला दार नव्हतं." त्यापुढे काही विचारलं तर उठून जायची.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. नाके आधीच गेले होते, आता रेघ जायला हवी होती. ती गेली नाही. सोलापूर पुणे विभागात, धाराशिव छत्रपती संभाजीनगर विभागात. सोलापूरच्या शेताला 1948 चा मुंबईचा कुळकायदा, आणि दोन पाट्यांच्या पलीकडच्या शेताला 1950 चा हैदराबादचा कुळवहिवाट कायदा, आजही. जमिनीचं मूळ शोधायचं तर धाराशिवकडे खासरा पत्रक काढावं लागतं. अलीकडच्या काही वर्षांत कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळच्या नोंदी शोधण्याचं काम निघालं तेव्हा तहसिलांच्या फडताळांतून उर्दू आणि मोडी बाडं बाहेर आली. आजोबा हद्दीच्या कुठल्या बाजूच्या गावात राहत होते, यावर एखाद्या पोराच्या दाखल्याचं ठरतं. 1822 मध्ये दोन सरकारांनी आपला हिशेब सोपा करायला गावं बदलून घेतली, आणि त्या अदलाबदलीचा कागद आज कुणाच्या तरी कॉलेजच्या प्रवेशाआड येतो. मराठवाडा हे नावसुद्धा त्याच रेघेपाशी थांबतं. भाषा तीच, देव तेच, सोलापूर मात्र मराठवाडा नव्हे.

*

परतायच्या आधी मैलारपूरला गेले, नळदुर्गाच्या खंडोबाला. गाभारा रिकामा होता. पायरीवर फुलं निवडत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं.

"देव अणदुरात हाईत की," त्या म्हणाल्या. "पौषाच्या जत्रंआधी येतेत."

अणदूर आणि मैलारपूर, दोन गावं, दोन देवळं, मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला. देव न्यायच्या वेळी दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात, कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा याचा लेखी करार करतात, आणि मग पालखी निघते. पूर्वीपासून तसंच चालत आलं आहे.

"आणि नाही आणून दिला तर?"

बाईंनी झेंडूचं एक फूल उचललं, देठ खुडला आणि परडीत टाकलं. "आसं कसं? देव काय एकाचा आसतोय?"

सोलापूरची शेवटची गाडी मिळाली तेव्हा अंधारलं होतं. अणदूरच्या थांब्यावर एक नवी लग्न झालेली मुलगी चढली, मांडीवर पिशवी, पिशवीतून नव्या साडीचा काठ बाहेर आलेला. फुलवाडीच्या टोलनाक्यावर गाडी क्षणभर थांबली आणि पुढे निघाली. मुलीने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फोनवर आईला सांगत होती, पोचल्यावर करते म्हणून.